बेटेगाव ते लंडन : किती मैल, किती तास?

बोईसर स्टेशनच्या पूर्वेला उतरून चिल्हारचा रस्ता धरला की बेटेगाव लागते. रेल्वेच्या पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत, त्यापलीकडे समुद्र आणि १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र. पूर्वेला भातशेती, वारली पाडे आणि त्यांच्या मधोमध वाढत गेलेल्या आमच्या चाळी. या चाळींत परभणीचे लोक आहेत, अकोल्याचे आहेत, खानदेशातले आहेत, कोकणातले आहेत. कंपनीत लागलो आणि राहिलो, एवढाच बहुतेकांचा इतिहास. पाळीवर जाताना रिक्षात चौथा माणूस म्हणून बसायचे, पाळी सुटली की पुन्हा तसेच यायचे. अशा वस्तीत दोन विमानतळांमधल्या अंतराची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पण गेल्या काही वर्षांत आमच्या वस्त्यांत ही चर्चा घरोघर होऊ लागली आहे, कारण आमची मुले-मुली विमानात बसू लागली आहेत.

कोणी आखाती देशात वेल्डिंगला गेला, कोणी पाइप फिटर म्हणून गेला. आणि आता शिकायला जाणारेही निघाले. महाराष्ट्र सरकारच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्ती आहे. तिच्यात शिक्षणाच्या फीबरोबर जाण्या-येण्याचे विमानभाडेही मिळते, मात्र ते साध्या वर्गाचे आणि जवळच्या मार्गाचे. हा 'जवळचा मार्ग' म्हणजे नेमका कोणता, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? आमच्या वस्तीतली एक मुलगी इंग्लंडला एम.ए. करायला निघाली तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा आमच्यापुढे आला. तिची आजी परभणीकडची. तिने साधा प्रश्न विचारला, "किती दूर हाय गं माय, ते लंडन? आपल्या गावाएवढं, का त्याच्याबी पल्याड?"

या प्रश्नाला एक उत्तर नाही, तीन-चार आहेत. आम्ही ती सगळी गोळा केली. ज्यांच्या घरी असा प्रसंग येणार आहे त्यांना ती उपयोगी पडतील म्हणून इथे देत आहोत.

पहिले उत्तर मैलांचे. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, ज्याला आपण अजून सहार म्हणतो, तेथून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ४,४८० मैल आहे. सगळ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. तेव्हा पृथ्वीवरची कोणतीही दोन गावे घेतली तरी ती एकमेकांपासून फार तर २०,००० किलोमीटरवर असू शकतात, त्याहून लांब जायला जागाच नाही. या हिशेबाने लंडन फार लांब म्हणता येत नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे विमान एका दमात १५,३०० किलोमीटरहून जास्त जाते आणि त्याला अठरा तासांहून जास्त वेळ लागतो. त्यापुढे लंडन म्हणजे निम्मी वाट.

पण 'सरळ अंतर' म्हणजे काय? आमच्यातल्या एकाने भिंतीवरचा जगाचा नकाशा काढला, त्यावर मुंबई आणि लंडन अशी पट्टी ठेवली आणि रेघ मारली. ती रेघ इराणच्या आखातावरून इराक, सिरिया, तुर्कस्तान अशी गेली. मुलीच्या धाकट्या भावाने शाळेतून पृथ्वीचा गोल आणला आणि त्यावर दोरा ताणून धरला. दोरा भलतीकडूनच गेला: पाकिस्तान, इराण, मग कॉकेशसचे डोंगर, काळ्या समुद्राच्या बाजूने युक्रेन, पुढे जर्मनी आणि मग लंडन. खरा जवळचा रस्ता दोऱ्याचा आहे. पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट आहे. गोल वस्तूची साल सपाट करायची तर कुठेतरी ताणावी लागते, आणि नकाशात उत्तरेकडचे देश असे ताणले गेलेले असतात. घरात पृथ्वीचा गोल नसेल तर रबरी चेंडूवर पेनाने दोन ठिपके काढून दोरा लावून बघावा. मुलांना हे एकदा दाखवले की जन्मभर लक्षात राहते. विमान उत्तरेकडे का वळते, वाट चुकले की काय, असा प्रश्न मग पडत नाही.

आता या दोऱ्याची खरी गंमत, किंवा दुःख म्हणा, पुढे आहे. दोरा ज्या देशांवरून जातो त्या देशांनी आपले आकाश उघडे ठेवले तरच तो रस्ता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि तेथील आकाश नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले आकाश बंद ठेवले होते. पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून त्याने भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंदी घातली, आणि भारतानेही पाकिस्तानच्या विमानांना घातली. अशा वेळी वळसा पडतो. वळसा पडला की इंधन जास्त जळते, वेळ वाढतो, भाडे वाढते. दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना तर वाटेत युरोपात उतरून इंधन भरून घ्यावे लागले. जमिनीवर कुंपण घालतात हे आम्हाला माहीत होते. आभाळालाही कुंपण असते, हे आम्हाला मुलीच्या तिकिटाच्या निमित्ताने कळले. म्हणून कागदावर ७,२०० असले तरी विमान प्रत्यक्षात त्याहून जास्त जाते, आणि किती जास्त ते त्या त्या महिन्यातल्या राजकारणावर ठरते.

दुसरे उत्तर तासांचे. मोठे जेट विमान वर गेले की ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. ७,२०० ला ९०० ने भागले तर आठ तास आले. पण कोणतेही विमान आठ तासांत लंडनला नेऊन सोडत नाही. जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. येताना साधारण तासभर कमी. हा तासभराचा फरक का? बरेच लोक सांगतात की पृथ्वी फिरते म्हणून. लोकलच्या डब्यात आम्ही यावर चांगले तावातावाने वाद ऐकले आहेत. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते हे खरे, पण तिच्याबरोबर तिच्या भोवतीची सगळी हवाही फिरते. चालत्या गाडीच्या डब्यात माशी उडते ती मागच्या भिंतीवर जाऊन आपटते का? नाही. डब्यातली हवा डब्याबरोबर चाललेली असते. तसेच हे.

खरे कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, जिथे बाहेर शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. हिवाळ्यात ते अधिक जोरात असतात, कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो आणि येताना पाठीवर. सायकलवर पाळीला जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. या वाऱ्यासाठी वैमानिक कधी कधी मुद्दाम लांबचा रस्ताही घेतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान नेहमीच्या अटलांटिकच्या वाटेने, म्हणजे सुमारे १३,९०० किलोमीटरच्या रस्त्याने, न जाता उलट्या दिशेने पॅसिफिक महासागरावरून गेले. ते सुमारे १५,३०० किलोमीटर गेले आणि तरी साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोचले. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे वाऱ्यामुळे घडते.

तिकिटावरच्या वेळा वाचताना आणखी एक गोंधळ होतो. मुलीच्या वडिलांनी तिकीट वाचले आणि ते आम्हाला म्हणाले, "भाऊ, जाताना पाच तास आणि येताना तेरा तास? असं कसं?" तसेच दिसत होते. तिकिटावर निघण्याची वेळ इथल्या घड्याळाची छापतात आणि पोचण्याची तिथल्या घड्याळाची. लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो. समजा विमान सकाळी सहाला मुंबईहून निघाले आणि साडेनऊ तास उडाले. आपल्या घड्याळात दुपारचे साडेतीन वाजले, पण तिथे सकाळचे अकराच. म्हणून सहा ते अकरा, पाच तास. परत येताना रात्री साडेनऊला तिथून निघाले आणि पावणेनऊ तास उडाले, तर तिथल्या घड्याळात सव्वासहा आणि आपल्याकडे पावणेअकरा. म्हणून तेरा-सव्वातेरा तास. दोन्हीकडचा हिशेब एकाच घड्याळात करावा, मग चूक होत नाही.

आजीला आम्ही सांगितले, "आजी, मुंबईहून परभणीला देवगिरी एक्स्प्रेसनं जायला जेवढी रात्र लागते, तेवढाच वेळ विमानात बसायचं." ते खोटे नाही. मुंबई ते परभणी रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि साधारण दहा तास लागतात. आजी म्हणाली, "मग तं जवळच हाय की!" पण तिला ते पूर्ण पटले नव्हते हे तिच्या तोंडावर दिसत होते, आणि तिचे बरोबर होते.

कारण तिसरे उत्तर आहे घरापासून घरापर्यंतचे. विमान कंपनी आपल्याला विमानतळापासून विमानतळापर्यंतचा वेळ सांगते. आमचे घर विमानतळावर नाही. बेटेगावहून सहारला जायचे तर दोन वाटा. एक रेल्वेची: रिक्षाने बोईसर, तिथून गाडीने अंधेरी, सुमारे ऐंशी किलोमीटर. अंधेरीहून आता मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे गाडी बदलून थेट टर्मिनल दोनच्या स्टेशनात उतरता येते. ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. हातात एक पिशवी असेल तर ही वाट उत्तम. पण तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन आमच्या गाड्यांत चढून दाखवावे! डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ मध्ये आली, त्याने फार सोय झाली हे मान्य, पण बोईसरच्या फलाटावर सकाळी जी गर्दी असते तिच्यात माणूस स्वतःला सांभाळील की बॅगेला? दुसरी वाट हायवेची, ज्याला आता ४८ नंबर म्हणतात आणि आमच्याकडे अजून आठ नंबरच म्हणतात. चिल्हार फाट्याला हायवेला लागायचे आणि मुंबई गाठायची. रस्ता मोकळा असेल तर अडीच तास. वसईच्या खाडीवरच्या पुलाशी नाहीतर घोडबंदरच्या वळणावर अडकलात तर चार तास, आणि पावसाळ्यात त्याहूनही जास्त.

म्हणजे पाहा. बेटेगाव ते सहार शंभर किलोमीटर, तीन-चार तास. सहार ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर, साडेनऊ तास. सत्तर पट लांब, आणि वेळ जेमतेम तिप्पट. आमच्या प्रवासातला सगळ्यात संथ तुकडा हा आमच्याच जिल्ह्यातला आहे.

त्यात विमानाची वेळ सकाळी सहाची. परदेशाच्या विमानाला तीन तास आधी पोचावे लागते, म्हणजे पहाटे तीनला. त्या वेळी सोयीची गाडी नाही, म्हणून रात्री साडेदहालाच जीप करून निघालो. आम्ही वस्तीतले पाचजण, मुलगी, तिचे आई-वडील. आजी घरी राहिली. आईने बॅगेत काय काय भरले होते ते सांगत बसलो तर पान पुरणार नाही: काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पीठ, छोटा कुकर. तूप मात्र काढून ठेवावे लागले, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांना इंग्लंडमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. सुके बोंबील नेऊ नको असे आम्ही सांगितले, ते कायद्यासाठी नव्हे, सगळ्या कपड्यांना वास लागतो म्हणून.

विमानतळाच्या दारावर जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो आणि ज्याचे तिकीट त्यालाच आत सोडतो. आई-वडिलांना वाटले होते की आत बसायला मिळेल, थोडे बोलू. दारातच निरोप घ्यावा लागला. ज्यांना पुढे असा प्रसंग येणार आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे आणि जे काही सांगायचे ते घरूनच सांगून निघावे. मुलगी काचेतून दिसत होती तोवर आम्ही उभे होतो. मग तिचा फोन आला की बॅगा गेल्या, मग फोन आला की पासपोर्टवर शिक्का पडला, मग तपासणी झाली. तेवढ्यात पावणेपाच वाजले. वडिलांची पहिली पाळी सातची. ते सरळ कंपनीच्या गेटावर उतरले. मुलीचे विमान इराणच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी असेल तेव्हा ते रिअॅक्टरपाशी उभे होते.

मुलगी हीथ्रोला उतरली, रांगेतून बाहेर आली, बॅगा घेतल्या, बसने तीन तास प्रवास करून विद्यापीठाच्या गावी गेली आणि खोलीची किल्ली हातात आल्यावर तिने फोन केला. आमच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आदल्या रात्री साडेदहाला घर सोडले होते. म्हणजे दाराला दार तेवीस तास. त्यातले विमान हवेत होते ते साडेनऊच.

इथे तिकिटाविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ मुले पैसे वाचवण्यासाठी आखातात विमान बदलणारे तिकीट घेतात. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई ते लंडन सुमारे ५,४८० किलोमीटर. बेरीज केली तर सरळ अंतराहून जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त भरते! नकाशावर दुबई म्हणजे जवळजवळ वाटेतलेच गाव. वेळ मात्र चार तासांपासून दहा तासांपर्यंत वाढतो, तो सगळा बाकावर बसून राहण्याचा. स्वस्त पडत असेल तर घ्यावे, त्यात काही वाईट नाही, पण दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत. पहिले विमान उशिरा पोचून दुसरे चुकले तर मग पुढची सोय करणे कंपनीकडे येते, आणि बॅगाही शेवटच्या गावीच मिळतात. दोन वेगवेगळी तिकिटे काढली तर चुकलेल्या विमानाचे पैसे आपलेच गेले. शिष्यवृत्तीच्या भाड्याचे तिकीट काढताना मात्र आधी विभागाकडे नियम विचारून घ्यावेत आणि विमानात चढताना दिलेला बोर्डिंग पासचा तुकडा जपून ठेवावा.

आमच्यातला एक म्हातारा माणूस हे सगळे ऐकून म्हणाला, "बाबासाहेबांना किती दिवस लागले होते?" हे सांगता येते. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब ४ ऑक्टोबर १९३० रोजी मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले आणि १८ ऑक्टोबरला लंडनला पोचले. चौदा दिवस. त्या काळी विमान नव्हते असे नाही. ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची अशी टपालाची विमानसेवा सुरू झाली होती. तिला सात दिवस लागत, आणि त्यातही मधला एक तुकडा रेल्वेने आणि एक तुकडा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे ती टपाल जुहूला आणली. एअर इंडियाचे मुंबई ते लंडन पहिले विमान 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ रोजी रात्री निघाले, कैरो आणि जिनिव्हाला थांबले आणि १० जूनला सकाळी लंडनला उतरले. १९६० मध्ये जेट विमाने आली आणि दिवसांचे तास झाले. त्या विमानांत बसणारे लोक कोण होते? राजे, संस्थानिक, गिरणीमालक. तेव्हापासून आजपर्यंत मुंबई आणि लंडन यांच्यातले मैल एकाने कमी झालेले नाहीत. बसणारा बदलला.

मुलगी तिथे गेल्यावर पहिल्या सुट्टीत लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर पाहून आली. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. तिने दारातला फोटो पाठवला. तो आता आजीच्या खाटेजवळ भिंतीवर आहे.

आमच्या भागाविषयीही थोडे. बेटेगावच्या आसपास आज जितके वेगाचे रस्ते आखले जात आहेत तितके महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असतील. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग बोईसरच्या पूर्वेकडून जातो आणि तिच्या बारा स्थानकांत बोईसर एक आहे. मालगाड्यांचा वेगळा मार्ग आहे, वडोदऱ्याचा द्रुतगती महामार्ग आहे. वाढवणला मोठे बंदर होणार, त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली, आणि त्याच्याजवळ समुद्रात भराव घालून विमानतळ करण्याचीही घोषणा झाली आहे. मच्छीमार बांधवांचा बंदराला विरोध आहे आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे; त्यांच्या जाळ्याला जे समुद्रातले अंतर ठाऊक आहे ते नकाशा काढणाऱ्याला नाही. हे सगळे झाले तर आमच्या नातवंडांचे ते संथ तीन-चार तास वाचतील. मात्र आजच्या आमच्या मुलांना चिल्हार फाट्यानेच जायचे आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत. तिकीट काढताना कोणता विमानतळ आहे ते नीट वाचावे, कारण बेटेगावहून तो सहारपेक्षा आणखी लांब आहे.

आता आजीचा प्रश्न. ती "किती दूर" असे विचारीत होती तेव्हा तिला मैल नको होते, तास नको होते. तिला विचारायचे होते की, मी गेले तर पोर पोचेल का? हे ती एक दिवस उघडच बोलली. मुलीच्या आईने तिला गप्प केले, पण आम्हाला वाटते की हा हिशेबही मांडून ठेवला पाहिजे. आखातात आणि परदेशात मुले असलेल्या प्रत्येक घरात तो मनातल्या मनात मांडला जातोच.

तर तो असा. समजा उन्हाळ्याचे दिवस आहेत आणि रात्री दहाला इथून फोन गेला. तिथे संध्याकाळचे साडेपाच. रात्री साडेनऊचे विमान आहे, त्यात जागा आहे आणि मुलगी लंडनमध्येच आहे असे धरले, तर ती दुसऱ्या दिवशी पावणेअकराला सहारला उतरेल, बाराला बाहेर येईल आणि तीनच्या सुमाराला बेटेगावात पोचेल. सतरा तास. याहून लवकर शक्य नाही. पण ती राहते लंडनपासून बसने तीन तासांवर. रात्रीचे विमान तिला मिळणार नाही. सकाळचे धरले तर ती उतरेल रात्री पावणेअकराला, आणि घरी येईल मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता. फोन झाल्यापासून अठ्ठावीस-एकोणतीस तास. जागा नसेल तर आणखी एक दिवस. आणि ऐनवेळी काढलेले तिकीट किती महाग पडते हे ज्यांनी काढले आहे त्यांना विचारा.

आखाताचे गणित आणखी उलटे आहे. दुबईहून विमानाने तीन तासांत मुंबई, पण कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल तर ते तीन तास तीन आठवडेही होतात. पासपोर्ट असा ठेवून घेणे त्या देशांच्या कायद्यातही बसत नाही, तरी तो ठेवून घेतात. कतारने सप्टेंबर २०१८ मध्ये बहुसंख्य कामगारांची देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी घेण्याची अट काढून टाकली. त्याआधी किती घरांत बापाचे तोंड न पाहता मुलगे राहिले असतील! लंडन दुबईच्या जवळजवळ चौपट लांब, तरी शिकायला गेलेली मुलगी पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवते आणि हवे तेव्हा उठून येऊ शकते. म्हणून आमच्या वस्तीतून आखातात जाणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो, पासपोर्टच्या दोन झेरॉक्स घरी ठेवून जा आणि भारतीय वकिलातीचा फोन नंबर आईच्या वहीत लिहून ठेवा.

आजीच्या घरी बसून आम्ही हे सगळे बोललो. मुलगी फोनवर होती. ती रडू लागली आणि म्हणाली, "आजी, मी येणारच." आजी म्हणाली, "यायचं तं परीक्षा झाल्यावर ये. तोवर मी ऱ्हाते." मग घरच्यांनी मिळून ठरवले: कोणालाही ताटकळत ठेवायचे नाही, अंत्यविधी दुसऱ्या दिवशी करायचा, मुलीला फोनवर दाखवायचा, मुलगी जमेल तेव्हा पुण्यानुमोदनाला येईल, आणि परीक्षा असेल तर येणार नाही. वडिलांनी पोस्टात वेगळे खाते उघडले आहे. दर महिन्याला पगार झाला की त्यात थोडे टाकतात. एका बाजूचे तिकीट होईल एवढे साठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असे ठरले आहे. आजी सध्या ठणठणीत आहे आणि परभणीला लग्नाला गेली आहे, देवगिरीनेच.